बाकी शून्य असलेली नावे

वाळपईच्या बाजारात, काट्याला लागूनच माझं टेबल.
मार्च ते मे काजूच्या बिया उतरतात,
आणि पडद्यावर विक्रेत्याचं नाव भरायला गेलं
की एक यादी खाली घरंगळते:
एक हजार एकशे बेचाळीस जण.
कोदाळ, सत्रे, देरोडे, हिवरे, चरावणे.
अर्धे गावकर. उरलेल्यांत गावस फार.

शेट म्हणाला, एवढी माणसं कशाला?
ज्यांच्याशी देणंघेणं आहे तेवढीच दाखव.

मग मी एक रकाना मांडला, सूत्राचा.
वजन, वजा पोतं, गुणिले दर,
वजा चवथीला नेलेली उचल,
वजा मुलीच्या ॲडमिशनचे सात हजार.
उत्तर करड्या चौकटीत येतं.
तिथं कुणाला काही खोडता येत नाही,
शेटलासुद्धा. हे मला फार आवडलं.

पण चाळणी लावायला गेले
तर यादीला तो रकाना दिसेचना.
पणजीहून आवेलीन फोनवर सांगत होता,
तोंडात पाव असावा, साडेदहाचा सुमार,
"मॅडम, हिशोबाचा रकाना कुठं साठवलेला नसतो.
माणसाचं पान उघडलं की तो होतो.
मिटलं की नाही."

फोन ठेवून मी जरा वेळ पंख्याकडे बघत बसले.
म्हणजे रोज रात्री कुलूप लागलं
की या दुकानात कुणाचं कुणाकडे
काहीच येणं नसतं.

उपाय निघाला. संध्याकाळी एक बटण:
सगळी पानं उघडायची, आलेला आकडा
शेजारच्या साध्या रकान्यात उतरवायचा,
आणि चाळणीला सांगायचं, बाकी शून्य नसेल तरच.
एक हजार एकशे बेचाळीसचे दोनशे सहा झाले.
शेटने चहाबरोबर बन्स मागवले.

फक्त सत्यवती झर्मेकर जाईना.
बाकी शून्य पूर्णांक शून्य शून्य, आणि तरी यादीत.
दोन वर्षं झाली तिला वारून.
मुलाने येऊन पैसे दोनदा मोजले, सही केली.
आवेलीन म्हणाला, दशांशाच्या खूप मागे
काहीतरी उरलंय, पैशाच्या शंभराव्या भागाइतकं. राउंड लावा.
तिच्याकडे उरलंय की आमच्याकडे?
ते त्याला सांगता येईना.
लावलं.
गेली.

सोमवारी गोळावलीचा पुरसो आला.
पोतं काट्यावर चढलं: एकोणचाळीस किलो चारशे.
मी 'पु' टाइप केलं. खाली कुणीच नाही.
चौदा हंगाम हा माणूस बिया घालतो,
उचल घेत नाही, बाकी ठेवत नाही,
नोटा शर्टाच्या आतल्या खिशात, आणि वाटेला लागतो.
असा माणूस चाळणीतून
आवाजसुद्धा न करता खाली पडतो.

"नांव आसा न्ही गो बाय, म्हजें?"

आसा, म्हटलं, थांब.
नवा विक्रेता म्हणून घालायला गेले
तर लाल अक्षरांत आलं:
हे नाव आधीपासून आहे.

मागे टेम्पो हॉर्न वाजवत होता.
मी चाळणीच काढून टाकली.
सगळे परत आले, धबधबा,
त्यांत सत्यवतीही, आपलं शून्य शून्य घेऊन,
आणि प्रेमावती माजिकच्या जरा वर
पुरसो गावकर, गोळावली.

वजन भरलं. करड्या चौकटीत आकडा उमटला.
मी मोठ्याने वाचला.
त्याने ओठ हलवत आपला हिशोब शेवटपर्यंत नेला,
मग मान हलवली, नाही म्हणून.
"पोतें एक किलो खंयचें? सातशें आसा तें."

सूत्रात एक किलोच धरलं होतं मी, सरसकट, सगळ्यांना.
पोतं रिकामं करवून काट्यावर ठेवलं.
सातशे दहा.

म्हणाला, वयले धा तुजे.